वडाखालून दलाल स्ट्रीटपर्यंत

आमच्या वाईच्या घरीं माळ्यावर एक हिरवी पत्र्याची पेटी कित्येक वर्षें पडून होती. तिच्यावर आमच्या दादांच्या वळणदार अक्षरांत ‘कचेरीचे कागद’ अशी चिठ्ठी डकविलेली असल्यामुळें तिला कोणीं हात लावला नव्हता. गेल्या आश्विनांत रंगकामासाठीं माळा रिकामा करावा लागला, पेटी खालीं आली, आणि कुलूप गंजून गेलें होतें तें हाताशीं येतांच निखळलें. आंत कचेरीचा एकहि कागद नव्हता. होते ते मोठ्या आकाराचे, कांठांवर वेलबुट्टी छापलेले, कोठें निळे तर कोठें तपकिरी असे जाड कागद. प्रत्येकावर एकेका कंपनीचें नांव, मधोमध शिक्का, खालीं सह्या, आणि टंकलिखित अक्षरांत दादांचें नांव. ज्यांस सर्व लोक शेअर सर्टिफिकेटें म्हणतात तीं हीं, एवढें मलाहि कळलें. त्यापुढें मात्र कांहीं कळेना.

घरांत अर्थात् मोठी खळबळ उडाली. माझ्या चिरंजिवानें मोबाइलवर कसले तरी भाव काढले आणि पहिल्याच संध्याकाळीं मागील पडवीचें छप्पर, विहिरीचा पंप व धाकट्या नातवाची कॉलेजची फी यांचा हिशेब मांडून टाकला. धाकट्या बंधूंचा पुण्याहून फोन आला कीं, घर एकत्र आहे तेव्हां निर्णयहि एकत्रच व्हावा. एक वहिनी तेवढ्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पेटीवरील चिठ्ठीवरून पदर फिरविला व त्या आंत गेल्या.

दादा फोर्टमधील एका विमा कचेरींत नोकरीस होते व गिरगांवांत एका चाळींत राहत. निवृत्तीनंतरहि त्यांनीं खोली सोडली नव्हती. शेवटच्या आजारांत ते वाईस आले आणि २००५ सालीं गेले. वहिनी तेव्हांपासून आमच्याच घरीं आहेत. ‘आमच्याच’ हा शब्द मी उगीच लिहून गेलों. त्या या घरांत सून म्हणून आल्या तेव्हां मी आठ वर्षांचा होतों, आणि माझा पहिला धडा त्यांनींच घोकून घेतला होता. त्यांची एकुलती एक कन्या लग्न होऊन नागपुरास असते.

माझें स्वतःचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं लघुकौमुदी व पंचकाव्यें झालीं आणि त्या शिदोरीवर मीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें. पैशाच्या व्यवहारांतील शब्द म्हणजे व्यापाऱ्यांची बोली, तिच्याशीं आपणांस काय करावयाचें आहे, अशी माझी समजूत होती; आणि त्या समजुतीपायीं माझ्या हातून पूर्वीं एक मोठी चूक झालेली आहे. ती ओघानें पुढें येईलच. या खेपेस मात्र अर्थ कळल्याविना एकाहि कागदास हात लावावयाचा नाहीं असें मीं ठरविलें, आणि धाकट्या बंधूंचा मुलगा फोर्टमध्येंच एका हिशेबतपासनिसाच्या कचेरींत काम करतो त्यास कळविलें कीं, मी पेटींतील कागद घेऊन येतों. मला तो बाजार दाखव.

पुण्यास एक मुक्काम करून सकाळच्या डेक्कन क्वीननें निघालों. ही गाडी १९३० पासून धांवत आहे. पाऊस नुकताच सरला असल्यानें घाटांत धबधबे अद्याप जिवंत होते. कागदांची पिशवी मीं मांडीवरून खालीं ठेविली नाहीं. समोरच्या गृहस्थांस तींत देवाची मूर्ति असावी असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

बोरीबंदरावर—त्यास आतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, परंतु दादांच्या तोंडीं बोरीबंदर हेंच नांव असे—पुतण्या घ्यावयास आला होता. मीं म्हटलें, “आधीं दलाल स्ट्रीट.” तो हंसून म्हणाला, “अण्णाकाका, आधीं वड. बाजार वडाखालीं सुरू झाला, इमारत मागाहून आली.” मुलास विषय शिकविण्याचा क्रम ठाऊक आहे असें पाहून मला बरें वाटलें.

हुतात्मा चौकावरून उजवीकडे सेंट थॉमसचें जुनें देऊळ टाकून आम्ही हॉर्निमन सर्कलशीं आलों. मध्यें वर्तुळाकार बाग, भोंवतीं कमानींच्या एकसारख्या इमारती, आणि पूर्वेस तीस पायऱ्यांवर उभा असलेला टाउन हॉल. हा १८३३ मध्यें पुरा झाला. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय येथेंच आहे. बागेंत झाडांखालीं कचेरींतील मंडळी डबे उघडून बसलीं होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच टाउन हॉलच्या समोर वडाच्या छायेंत मूठभर दलाल जमत आणि तोंडी बोलीवर बँकांचे, गिरण्यांचे भाग विकत व घेत. कागद नाहीं, पावती नाहीं. शब्द हाच करार. दलाल हा शब्द मूळचा अरबी. दोघांमध्यें उभा राहून सौदा जुळवून देणारा तो दलाल. माल त्याचा नसतो व पैसाहि त्याचा नसतो. त्याची केवळ दलाली. ही गोष्ट सोपी दिसते, परंतु आमच्या गांवीं कित्येक सुशिक्षित माणसें विकून देणाऱ्याच्या शिफारशीस तज्ज्ञाचें मत समजून चालतात, हें मीं पाहिलें आहे.

त्या बागेच्या कठड्यावर बसून पुतण्यानें मला १८६१ ते १८६५ ची हकीकत सांगितली. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस बंदरांतच अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानच्या कापसावर झेप घातली. मुंबईंत सोन्या-चांदीचा पूर लोटला. इतका पैसा ठेवावा कोठें, हा प्रश्न पडला, तेव्हां रोज नवी बँक व रोज नवी कंपनी निघूं लागली. त्यांतील सर्वांत गाजलेली ती समुद्र हटवून जमीन करणारी बॅकबे कंपनी. तिचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. जमीन अद्याप पाण्याखालींच होती! प्रेमचंद रायचंद हे या सर्व खेळाचे सूत्रधार. त्यांचा शब्द म्हणजे भाव, अशी स्थिति होती.

येथें मला ‘वायदा’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट कळला. आम्ही घरांत वायदा म्हणजे दिलेलें वचन असें समजतों, आणि तें खोटें नव्हे. परंतु बाजारांत तो असा: अमुक तारखेस अमुक भावानें मी इतके भाग घेईन. आज पैसे नाहींत, देणाराजवळ भागहि नाहींत. दोघांमध्यें केवळ तारीख आहे. भाव चढत असतो तोंवर तारीख येऊच नये असें वाटतें, आणि तो पडूं लागला कीं तीच तारीख यमदूत होते. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचा भाव कोसळला, आणि वायद्यांची मोठी तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशीं कोणाजवळच पैसे नव्हते. धनाढ्य घराणीं दिवाळखोर झालीं, प्रेमचंदहि बुडाले, आणि पुढें १८६८ मध्यें बँक ऑफ बॉम्बेहि मोडीत निघाली. तेजीच्या दिवसांत प्रेमचंदांनीं विद्यापीठास मनोऱ्यासाठीं जी रक्कम दिली होती तीवर उठलेला राजाबाई टॉवर मात्र उभा आहे. राजाबाई हें त्यांच्या मातोश्रींचें नांव.

मीं विचारलें, “म्हणजे हा सट्टाच कीं रे! दादांनीं हेंच केलें काय?” पुतण्या म्हणाला, “काका, दादाकाकांनीं पगारांतून पैसे भरून भाग घेतले आणि पेटींत ठेविले. वायद्यांत माणूस तारखेचा गुलाम असतो. त्यांना कोणत्याच तारखेची गरज नव्हती.” हें ऐकून माझ्या मनावरचें एक ओझें उतरलें हें मी लपवीत नाहीं.

तेथून दलाल स्ट्रीट हांकेच्या अंतरावर. गल्ली अरुंद, तींत सँडविचवाले, पेपरवाले, गळ्यांत ओळखपत्रें अडकविलेलीं तरुण मुलें, आणि एकाएकीं मान वर करावी तों एकोणतीस मजल्यांची फिरोझ जीजीभॉय टॉवर्स ही इमारत. वडाखालचे दलाल १८७४ च्या सुमारास या गल्लींत आले आणि १८७५ मध्यें त्यांनीं आपली संस्था स्थापिली; आशिया खंडांतील ही सर्वांत जुनी. प्रवेश-फी एक रुपया आणि सभासद तीनशें अठरा. दाराशीं ब्राँझचा एक मस्तवाल बैल शिंगें उगारून उभा आहे. तो तेजीवाल्यांचें प्रतीक. बैल शिंगांनीं वर उडवितो म्हणून तेजी, आणि अस्वल पंजानें खालीं दाबतें म्हणून मंदी, अशी इंग्रजांची उपपत्ति सांगतात. आमच्या देशीं बैल हा शांतपणें गाडी ओढणारा प्राणी असल्यामुळें ही उपमा मला कांहीं रुचली नाहीं.

आंत जाण्यास परवाना लागतो. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत जे बाँबस्फोट झाले त्यांतील पहिला याच इमारतींत झाला. तेव्हां पहारा कडक असल्यास आश्चर्य नाहीं. शिवाय, पुतण्या म्हणाला, आंत पाहण्यासारखें तरी काय उरलें आहे? पूर्वीं मोठ्या चौकांत शेंकडों माणसें हातवारे करून ओरडत. दादा दुपारच्या सुटींत तें पाहण्यास येत असत असें वहिनींकडून मीं ऐकलें होतें. १९९५ मध्यें तेथें संगणक आले आणि ओरडणें संपलें. आतां बाजार कोणत्याहि खोलींत आहे व कोणत्याच खोलींत नाहीं. आज विकत घेतलेला भाग दुसऱ्या कामाच्या दिवशीं आपल्या खात्यांत जमा होतो. जानेवारी २०२३ पासून सर्व भागांस हा नियम लागू झाला आहे.

इमारतीच्या भिंतीवर विजेच्या अक्षरांची एक पट्टी अखंड वाहत होती. तीवर सेन्सेक्सचा आंकडा आला कीं खालचे दोघे-चौघे थांबून वर पाहत. वर्तमानपत्रांत हा शब्द रोज वाचूनहि तो म्हणजे काय हें मला ठाऊक नव्हतें. पैशाची कांहीं मोठी रक्कम असावी असेंच मी समजत होतों. तो रुपया नव्हे, नुसता निर्देशांक आहे. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर सर्व शाळेंतून तीस मुलें निवडावीं, मोठ्या मुलाच्या गुणांस अधिक वजन द्यावें, आणि सरासरी काढावी. १९७८-७९ या वर्षाची सरासरी शंभर धरली आहे. जुलै २०२४ मध्यें तीच ऐंशीं हजारांपलीकडे गेली. मध्यंतरीं २००८ च्या जानेवारींत एकवीस हजारांवर असलेला आंकडा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत दहा हजारांखालीं आला होता, हेंहि पुतण्यानें सांगितलें. माझी एक शंका होती ती मीं विचारली: त्या तिसांत एखादा मुलगा नापास होत राहिला तर? “त्याला काढून दुसरा घेतात, काका.” असे असेल तर आमच्या शाळेचाहि निकाल उत्तम लागला असता.

तेथेंच एका टपरीवर चहा घेत असतां शेजारचे दोघे कोणत्या तरी कंपनीनें दीडशें टक्के लाभांश दिला म्हणून आनंदांत होते. मीं पुतण्याच्या कानांत म्हटलें, “दीडशें टक्के! आणि बँक सहा-सात टक्के देते!” त्यानें पिशवींतून दादांचा एक दाखला काढून मला त्यावरील एक बारीक ओळ दाखविली: प्रत्येक भाग रुपये दहा. ही दर्शनी किंमत. लाभांशाचे टक्के नेहमीं या दर्शनी किंमतीवर मोजतात. दहा रुपयांवर दीडशें टक्के म्हणजे पंधरा रुपये. परंतु तो भाग बाजारांत हजार रुपयांस मिळत असेल तर आज घेणाऱ्यास मिळालेलें फळ दीड टक्काच. एका शब्दांत दोन किंमती दडल्या आहेत, आणि ज्याला कोणती किंमत तें ठाऊक नाहीं तो दीडशेंच्या आनंदांत दीडाचा सौदा करतो. बोनस भागांचेंहि असेंच. एकास एक बोनस मिळाला म्हणजे संपत्ति दुप्पट झाली असें मी समजत होतों. वास्तविक पोळी तीच, तुकडे चाराऐवजीं आठ. मात्र ती पोळी वाढणारी असेल तर पुढें तुकडे अधिक असण्याचा उपयोग होतो, आणि दादांच्या एका कंपनीच्या पन्नास भागांचे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असेच पुष्कळ झाले होते. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्यानें परदेशी कंपन्यांस आपला हिस्सा कमी करावा लागला, तेव्हां मुंबईंतील अनेक कारकुनांनीं अर्ज भरून असे भाग मिळविले. दादा त्यांपैकींच एक.

दुपारीं आम्ही परत टाउन हॉलकडे आलों आणि त्या रुंद पायऱ्यांवर सांवलींत बसून कागदांच्या गड्ड्या लावल्या. माझ्या या प्रवासांतील खरें शिक्षण तेथें झालें.

पुतण्या सांगत होता: हा भाग, हा कर्जरोखा, ही ठेवीची पावती, हें युनिट. मी म्हणालों, “अरे, नांवें पुरे, विभक्ति सांग.” तो गोंधळला. परंतु मला खरोखरच हाच प्रश्न विचारावयाचा होता. पाणिनीनें ऋण धारण करण्याच्या धातूसाठीं स्वतंत्र सूत्र केलें आहे. ज्याचें देणें लागतें तो उत्तमर्ण, आणि त्याला चतुर्थी होते. देणें लागणारा तो अधमर्ण. आपल्या मराठींत धनको व ऋणको म्हणतात ते हेच. मग या प्रत्येक कागदांत दादा कोण? बँकेंतील ठेवींत दादा धनको, बँक ऋणको. कर्जरोख्यांतहि दादा धनको, कंपनी ऋणको. तिला नफा होवो वा तोटा, ठरलेलें व्याज व मुद्दल ती देणें लागते. भागांत मात्र चतुर्थी नाहीं, षष्ठी आहे: कंपनीचें कोणी दादांचें देणें लागत नाहीं, कंपनीच अंशतः दादांची आहे. नफा झाला व वांटावा असें ठरलें तर लाभांश. न ठरलें तर मागण्याची सोय नाहीं. कंपनी बुडाली तर आधीं सर्व धनको आणि उरलें तर शेवटीं मालक. स्मृतींत संभूयसमुत्थान म्हणून व्यवहाराचें एक प्रकरणच आहे. अनेकांनीं मिळून व्यापार करावा आणि आपापल्या भांडवलाच्या प्रमाणांत किंवा ठरल्याप्रमाणें नफातोटा वांटावा. भाग म्हणजे तेंच, फरक एवढाच कीं कंपनीच्या नांवापुढें जें ‘लिमिटेड’ लागतें त्यामुळें भागाची पुरी रक्कम भरलेल्याचें नुकसान तेवढ्या रकमेपलीकडे जात नाहीं. घरदार ओढलें जात नाहीं. मी इतकीं वर्षें लिमिटेड म्हणजे बेताची, लहानशी कंपनी समजत होतों.

युनिटांत आणखी तिसरें नातें निघालें. पुष्कळांचा पैसा एकत्र करून तो विश्वस्तांच्या हवालीं करतात, दुसरे लोक तो गुंतवितात, आणि एकंदर मालमत्तेंतून देणीं वजा जातां जें उरेल त्यास युनिटांच्या संख्येनें भागलें कीं एका युनिटाची किंमत. दहा रुपयांचें युनिट स्वस्त व शंभराचें महाग हा भ्रम आहे. तो नुसता भागाकार आहे. पुतण्या दरमहा हप्त्यानें असे पैसे भरतो, त्यास सिप म्हणतात. ती योजना नव्हे, भरण्याची रीत. दादांजवळ १९६४ मध्यें निघालेल्या युनिट ६४ या योजनेचीं कांहीं युनिटें होतीं. सरकारी म्हणून घरोघरीं लोकांनीं तीं ठेवीसारखीं मानलीं, आणि जुलै २००१ मध्यें जेव्हां त्यांची खरेदी-विक्री कांहीं काळ थांबविण्यांत आली तेव्हां तीं ठेव नव्हती हें लोकांस कळलें.

‘ठेव’ हा शब्द आला आणि मला बोलणें भाग पडलें.

दादा गेल्यावर वहिनींच्या हातीं त्यांच्या फंडाचे दोन लाख आले. घरांतील कर्ता या नात्यानें २००६ मध्यें ते मीं आमच्या भागांतील एका पतसंस्थेंत ठेविले. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘दामदुप्पट’ असें होतें: साडेपांच वर्षांत दुप्पट. दामदुपट हा तर आमच्या धर्मशास्त्रांतला शब्द. मला त्याचा परकेपणा वाटला नाहीं, उलट विश्वास वाटला. २००९ मध्यें त्या संस्थेचें दार बंद झालें. अवसायक नेमले गेले, खेटे झाले, आणि हातीं आले अठरा हजार. त्यानंतर आजपर्यंत वहिनींनीं त्या रकमेचा उच्चार केलेला नाहीं. त्या जर एकदां रागावल्या असत्या तर मला अधिक बरें वाटलें असतें.

पुतण्यानें दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: बहात्तरास वर्षांनीं भागावें म्हणजे दुप्पट होण्यास लागणारा व्याजाचा दर अदमासें निघतो. साडेपांचांनीं भागले तर तेरा टक्के. बँका त्या वेळीं सात-आठ देत होत्या. मग वरचे पांच-सहा टक्के कोठून येणार होते, आणि कोणाच्या जोखमीवर? दुसरी: बँकेंतील ठेवींस विमा असतो. १९६२ मध्यें तो दीड हजारापुरता सुरू झाला. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून, पांच लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांसहि तो लागू आहे. पतसंस्थांस नाहीं. शब्द एकच, ‘ठेव’; परंतु एकीच्या पाठीमागें विमा आणि दुसरीच्या पाठीमागें फलक. २००६ मध्यें बँकेंतहि लाखापुरतेंच कवच होतें, म्हणजे तेथेंहि दोन लाख एका ठिकाणीं ठेवणें शहाणपणाचें नव्हतें.

आणि दामदुपटीविषयीं मला मागाहून जें सुचलें तें असें. स्मृतिकारांनीं दामदुपट सांगितली ती ऋणकोच्या रक्षणासाठीं. व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक घेऊं नये, ही सावकारास घातलेली मर्यादा. फलकावर तीच धनकोस दाखविलेली लालूच झाली. मी हें व्याकरण मुलांस शिकवीत होतों आणि फलकाखालीं उभा राहून मला तें दिसलें नाहीं.

मग मुख्य प्रश्नाकडे वळलों. हे कागद आतां कोणाचे? दादांच्या पश्चात् लाभांशाचे धनादेश गिरगांवच्या पत्त्यावर जात राहिले. खोली तर सुटलेली. सात वर्षें लागोपाठ लाभांश न घेतल्यास भागच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि दादांचे बहुतेक भाग तिकडे गेले असावेत. ते जप्त होत नाहींत. वारसांस मागतां येतात. परंतु त्यासाठीं आधीं कंपनीच्या निबंधकाकडून हक्काचें पत्र, मग अर्ज, आणि मिळणारे भाग कागदावर नव्हे तर वारसाच्या डीमॅट खात्यांत जमा होतात. एका कंपनीचा दाखला तर निव्वळ शोभेचा ठरला. ती कंपनीच आतां अस्तित्वांत नाहीं.

“वारस म्हणजे घर ना?” मीं विचारलें. पुतण्या जरा चांचरला. त्याच्या वडिलांचेंहि नांव त्यांत गुंतलेलें होतें. मग तो स्पष्ट म्हणाला, “नाहीं, काका. ही दादाकाकांची स्वतःच्या पगाराची मिळकत. १९५६ च्या वारसा कायद्यानें ती मोठ्या काकूंची व नागपूरच्या ताईची, निम्मी-निम्मी. एकत्र कुटुंबाचा त्यांत हिस्सा नाहीं.” त्यानें आणखी सांगितलें कीं, दादांनीं नॉमिनी म्हणून एखाद्या भावाचें नांव घातलें असतें तरी फरक पडला नसता, नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीनें स्वीकारणारा, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें भागांविषयीं स्पष्ट केलें आहे.

समोर बागेंत दिवे लागूं लागले होते. मीं कागद पुन्हा पिशवींत भरले. पडवीचें छप्पर, पंप आणि फी हीं सर्व त्या पायऱ्यांवरच राहिलीं.

घरीं परतलों त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांस बसवून मीं हें सांगितलें. चिरंजिवाचा चेहरा उतरला. दोन दिवस तो माझ्याशीं बेताचेंच बोलला. धाकट्या बंधूंनीं फोनवर “अण्णा, तुला योग्य वाटेल तें कर” असें म्हटलें, तें कोणत्या सुरांत हें मी लिहीत नाहीं. मीं वहिनींपुढें अर्ज ठेविला व सही कोठें करावयाची तें बोटानें दाखविलें. त्यांनीं लेखणी घेतली नाहीं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “सही करीन. पण यांतला प्रत्येक शब्द मला आधीं समजावून सांगा. मागल्या वेळीं मीं विचारलें नव्हतें.”

दुसऱ्या दिवशीं पूजा झाल्यावर त्या चष्मा लावून ओटीवर येऊन बसल्या. जवळ नातवाची एक कोरी वही होती. मीं अर्जाचें पहिलें पान उलगडलें. नागपूरची मुलगी फोनवर ऐकत होती. पहिला शब्द ‘दावेदार’ असा होता. तो वहिनींनीं वहींत लिहून घेतला आणि पुढें मोकळी जागा सोडली.